बंद की बंत

अण्णा, उद्यमबागेतल्या आपल्या दुरुस्तीच्या शॉपमध्ये सगळे तुम्हाला पाठीमागं 'बंतअण्णा' म्हणायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ते हसण्यावारी न्यायचात. ते नाव तुम्हाला माझ्या खोटेपणामुळं पडलं, हे मात्र तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आज तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. दोन वर्षं तुमच्यासमोर वावरताना जे तोंडातून बाहेर पडलं नाही, ते आता लिहायला बसलेय. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

पहिल्या दिवशी तुम्ही माझं नाव विचारलंत, गाव विचारलंत. आडनाव विचारलं नाहीत. आमच्या गल्लीत वाढलेल्या पोरीला हे लगेच जाणवतं, कुणी काय विचारलं आणि काय टाळलं. मी निपाणीची म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग सव्वासहाच्या गाडीनं येत असशील. मीबी त्याच गाडीला असतो." आणि लगेच माझ्या ओढणीकडं बघून, "ही नायलॉनची हाय. उद्यापास्नं सुती घालून ये. आपल्या अंगातली वीज आपल्याला दिसत न्हाय, पण तेवढ्यानं चिप मरत्या." ती वीज जमिनीत जावी म्हणून मनगटाला बांधायचा पट्टा तुम्हीच माझ्या हाताला बांधलात. त्याची तार टेबलाला जोडलेली असते हे विसरून मी पहिले आठ दिवस तशीच उठायचे आणि हिसका बसून परत खुर्चीत पडायचे. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "दावं सोड आधी, मग चरायला जा." सगळी शॉप हसायची. मला राग यायचा, पण नवव्या दिवसापासून मी पट्टा सोडायला विसरले नाही.

आपलं काम घरी समजावून सांगताना माझी तारांबळ उडायची. आईचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. तिला वाटायचं मी विमान दुरुस्त करते. विमान नाही गं, पायलटच्या पुढ्यात पडदे असतात, त्यावर उंची, वेग, दिशा दिसते. आणि त्याच्या हाताशी बटणं, खटके असतात. ते बिघडले की खोक्यात बसून आमच्याकडं येतात, आम्ही उघडतो, दुरुस्त करतो, तपासतो आणि शिक्का मारून परत पाठवतो. एवढं ऐकून आई म्हणाली, "म्हंजे लोकं वर असत्यात आन त्यांचा जीव हितं टेबलावर असतोय." हे मी तुम्हाला बसमध्ये सांगितलं. संकेश्वर आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला कळलं. आपल्या साहेबास्नी अजून कळायचं हाय."

तुमची एक पद्धत होती. युनिटचा एकही स्क्रू सैल करायच्या आधी त्याच्याबरोबर आलेली पायलटची तक्रार मोठ्यानं वाचायची. मनात नाही, मोठ्यानं. "आजारी माणूस काय म्हणतोय ते न ऐकता पोट फाडशील काय?" असं तुम्ही विचारायचात. एकदा एक बटणांचं पॅनेल आलं, तक्रार होती की दिशा बदलायचं बटण अडकतंय. मी तीन तास त्याच्या स्प्रिंगा मोजत बसले. तुम्ही आलात, पॅनेल नाकाशी धरलंत आणि म्हणालात, "चहा सांडलाय. लई साखरेचा." बटण काढलं तर खाली खरंच काळपट चिकटा. "साखर कारखान्याच्या वाऱ्यात वाढलो मी," तुम्ही म्हणालात, "मला हे कळंना तर कुणाला कळंल?" त्या दिवशी साडेपाचला, अंधार पडायच्या आत जेवायचा तुमचा नेम म्हणून तुम्ही डबा उघडलात आणि त्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्या झाकणात ठेवलीत. आईला घरी सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, "सोताच्या डब्यातली?" तिला तुमचं कौतुक त्या दिवसापासून.

आणि आपली भांडणं! एक भांडण तर आपण पाच वर्षं पुरवून पुरवून वापरलं. मी म्हणायचे, मीटर खोटं बोलत नाही, डोळा बोलतो. तुम्ही म्हणायचात, "मीटर खोटं बोलत न्हाय, पण जेवढं इचारलं तेवढंच सांगतंय. डोळा न इचारता सांगतोय." मी म्हणायचे, मग कोटीकोटीचे मीटर कशाला घेतलेत, तुमचे दोन डोळेच टेबलावर ठेवा. तुम्ही म्हणायचात, "ठेवलेच हायती की." त्यावर मी खिडकीबाहेर बघायचे. आता त्या भांडणात तुम्ही जिंकलात. जिंकल्याचं सुख मात्र तुम्हाला मिळालं नाही, आणि त्याला कारण मी.

आता त्या दिवसाकडं येते. त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे, तरी पायरी-पायरीनं मांडते, कारण एक पायरी गाळली की पुढचं सगळं खोटं पडतं हे तुम्हीच शिकवलंत.

तीन पडदे थंडीच्या चेंबरमध्ये लावले होते. वर आभाळात जशी थंडी असते तशी आत करायची आणि प्रत्येक पडदा दहा वेळा चालू करून बघायचा. तुम्ही चेंबरच्या काचेच्या झरोक्याला डोळा लावून उभे. मी तुमच्याकडं पाठ करून टेबलाशी, खटका माझ्या हातात, समोर मीटर आणि तपासणीचा कागद. पडदा उजळून तसाच टिकला की तुम्ही ओरडायचं "चालू", मध्येच काळा पडला की ओरडायचं "बंद". मी त्याप्रमाणं बरोबरची किंवा चुकीची खूण करायची. चेंबरचा कॉम्प्रेसर असा घरघरायचा की शेजारचं बोलणं ऐकू यायचं नाही.

आणि तुमची ती खोड. तुमच्या घरी कन्नड, शॉपमध्ये मराठी. एकदा कामात बुडालात की तुमच्या तोंडून 'चालू'च्या जागी कन्नडातलं 'बंत' निघायचं. बंत म्हणजे आलं. निपाणीत वीज गेली आणि परत आली की अर्धी गल्ली "आली, आली" ओरडते आणि अर्धी "करंट बंत!" त्यामुळं मलाही तो शब्द ठाऊक होता. बंद म्हणजे गेलं आणि बंत म्हणजे आलं. मधे फक्त एका द आणि त चा फरक. आपल्या सीमेवरच्या माणसांशिवाय दुसरं कुणी यात अडकणार नाही.

दुसऱ्या पडद्याची सातवी खेप होती. मी खटका दाबला. मीटरचा काटा जिथं असायला हवा तिथं होता. आणि मागून तुम्ही ओरडलात, "बंद!"

अण्णा, मी 'बंद' ऐकलं. द ऐकला. कॉम्प्रेसरच्या घरघरीतही ऐकला. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

पण मीटर सांगत होतं की सगळं ठीक आहे. मनात आलं, अण्णा बंत म्हणाले असतील, नेहमीसारखं. नुसतं वळून "काय म्हणालात अण्णा?" एवढं विचारायचं होतं. पण त्याच दिवशी सकाळी मी दोनदा तसं विचारलं होतं आणि शेजारच्या टेबलावरून आवाज आला होता, "बहिरी हाय काय गं?" आदल्या आठवड्यात मीटिंगमध्ये साहेब कन्नडात बोलले ते मला उलटं समजलं, त्यावर सगळे हसले होते, ते अजून आत सलत होतं. माझी स्वतःच्या शिक्क्याची परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. आमच्या गल्लीतली पहिली पोरगी, जिच्या सहीवर विमान उडणार, असं आईनं विड्या वळणाऱ्या सगळ्या बायांना सांगून ठेवलं होतं. तिसऱ्यांदा "काय म्हणालात" विचारायची मला लाज वाटली. मी बरोबरची खूण केली. पुढं तीन मिनिटांत साहेब दारात आले आणि म्हणाले, अण्णा, घरून फोन आलाय, तुमची आई पडली. तुम्ही राहिलेल्या खेपा पुऱ्या केल्यात, एकही गाळली नाहीत, आणि मगच निघालात. कागद बघायला वेळ मिळाला नाही.

इथंपर्यंत ती चूक होती. चूक माणसाच्या हातून होते, तुम्हीच म्हणायचात. पुढचं जे झालं त्याला मी चूक म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. तुमच्या आईच्या, अव्वांच्या, मांडीचं हाड मोडलं होतं, तुमचे डोळे लाल होते. कागद हातात घेतलात, बोट फिरवत खाली आलात आणि थांबलात. "सुजाता, सगळीकडं बरोबर? मधी एकदा गेलतं न्हवं?"

तो एक क्षण होता. तुम्ही स्वतः दार उघडून धरलं होतं. मी म्हणायला हवं होतं, व्हय अण्णा, गेलतं, मी चुकीचं लिहिलं, परत लावू या. मी म्हणाले, "न्हाय अण्णा. तुम्ही बंत म्हणालात. स्पष्ट."

'स्पष्ट' हा शब्द मी का जोडला? कुणी मागितला नव्हता. खोटं बोलणारा माणूस एक शब्द जास्त बोलतो.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग कागदाकडं. युनिट बांधून तयार होतं, न्यायला गाडी आली होती. तुम्ही कपाळ चोळलंत आणि म्हणालात, "म्हटलो असंन. काल डोकं ठिकाणावर नव्हतं. तू म्हणतीस म्हंजे तसंच." आई पडल्याचा फोन त्या खेपेनंतर आला होता, हेही मी सांगितलं नाही. आणि तुम्ही शिक्का मारलात.

अण्णा, माझा तुमच्यावरही राग आहे, तो आज सांगून टाकते. का मारलात? आयुष्यभर "शंका आली की परत लाव" म्हणून माझं डोकं खाल्लंत, आणि नेमक्या त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यापेक्षा माझ्या शब्दावर भरवसा ठेवलात! तुम्ही नुसतं एकदा म्हणाला असता, "लाव परत," तर मी निमूट लावलं असतं, आणि पडदा काळा पडला असता, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. हा राग मी दोन वर्षं पोसला. त्याच्या आडोशाला बसून मला माझं थोडं कमी दिसायचं. पण राग खरा आहे, खोटा नाही.

दीड महिन्यानं ते युनिट परत आलं. तुमच्या पद्धतीप्रमाणं तक्रार मी वाचली, मोठ्यानं. "विमान उतरताना ढगात पडदा काळा झाला. थोड्या वेळानं आपोआप आला." विमानातला जोडीचा पडदा शाबूत होता म्हणून पायलटनं त्यावर बघून विमान सुखरूप उतरवलं, कुणाला खरचटलंही नाही. तुम्ही नंबर बघितलात आणि खुर्चीत बसलात. मग उठलात, युनिट उघडलंत, सूक्ष्मदर्शकाखाली धरलंत. शेवटी म्हणालात, "ये, बघ हे." एका पिनेच्या मुळाशी, सोल्डरच्या डाखाला, केसाएवढी चीर. थंडीत ती उघडायची आणि पडद्यामागचा उजेड जायचा; बाकी वीज जशीच्या तशी चालू, म्हणून मीटरला पत्ता नाही. "किती बारीक हाय बघ," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या आवाजात त्या वेळेलाही नवल होतं. मी काचेतून बघत राहिले, कारण मान वर केली असती तर तुमच्याकडं बघावं लागलं असतं.

चौकशी झाली. मला विचारलं, तुम्ही काय ऐकलं? मी म्हणाले, बंत. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी बंद म्हणायला गेलो आणि बंत म्हटलो असंन. दोन भाषांत बोलायची खोड हाय मला. पोरीनं ऐकलं ते लिहिलं, तिचा काय दोष." असं म्हणून तुम्ही माझ्याकडं बघून मान हलवलीत, काळजी करू नको अशी.

तुमचा शिक्का काढून घेतला. तुम्हाला आत येणाऱ्या युनिटांच्या नोंदी करायला स्टोअरमध्ये बसवलं. चेंबरच्या दारावर पाटी लागली, फक्त 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणावे. आणि कुणीतरी तुम्हाला 'बंतअण्णा' म्हणालं, ते चिकटलं ते चिकटलंच. पंधरा दिवसांनी परीक्षा झाली, मला शिक्का मिळाला. पेढे घेऊन मी स्टोअरमध्ये आले तेव्हा तुम्ही अर्धा पेढा मोडून घेतलात आणि म्हणालात, "आता तू बघ वरच्या लोकांकडं."

त्यानंतर मी हिंडलग्याला खोली घेतली. सगळ्यांना सांगितलं, रोज निपाणीहून ये-जा झेपत नाही. खरं कारण सव्वासहाच्या गाडीतली ती जागा होती, जी तुम्ही रुमाल टाकून माझ्यासाठी धरायचात. सव्वा तास तुमच्या शेजारी बसून काय बोलणार होते मी? तुम्ही मात्र दर सोमवारी विचारायचात, "आई कशी हाय? खोलीवर पाणी येतंय न्हवं?"

एकदा मी धीर केला होता. तुम्ही स्टोअरमध्ये एकटेच होता. मी म्हणाले, "अण्णा, त्या दिवसाचं एक बोलायचं होतं." तुम्ही खोक्यावर नंबर लिहीत होता, लिहिता लिहिताच म्हणालात, "सोड गं. झालं ते. दोन घरचा पाव्हणा उपाशी म्हणत्यात, तशी माझी जीभ. धड हिकडची न्हाय, धड तिकडची न्हाय." मी "तसं नाही अण्णा" म्हणाले आणि तेवढ्यावर थांबले. तुम्ही हसलात. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात तर मी भाषण केलं. अण्णांनी मला बोट धरून शिकवलं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. वैनी पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसत होत्या.

आणि मग अकरा दिवसांपूर्वी फोन आला. सकाळी आंघोळीला पाणी तापवत होता, खुर्चीत बसलात आणि गेलात. मी निपाणीला पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. शॉपमधले सगळे एका बाजूला उभे होते. त्यातला एकजण, वाईट मनानं नव्हे, चांगल्याच मनानं, उसासा टाकून म्हणाला, "बंतअण्णा गेला बिचारा. माणूस देव होता, पण त्या एका शब्दानं घात केला." मी ओरडले, "त्यांना त्या नावानं हाक मारायची न्हाय!" सगळ्यांनी वळून बघितलं. "का गं, काय झालं?" तुम्हाला नेलं तेव्हा मी तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यात सगळं होतं: मी काय ऐकलं, काय लिहिलं, तुम्ही सकाळी काय विचारलंत, मी काय म्हणाले. साहेबांनी वाचला, चष्मा काढला. "सुजाता, माणूस गेला. फाईल मिटलीय. आता हे कशाला? तुझंच नुकसान हाय."

मी म्हणाले, "फाईलमध्ये त्यांच्या नावापुढं चूक लिहिलीय. ती त्यांची न्हाय."

"लोक थोड्या दिवसात विसरत्यात."

"मी विसरले न्हाय, साहेब."

त्यांनी हात पुढं केला. मी खिशातून शिक्का काढून त्यांच्या हातावर ठेवला. नवी चौकशी होईल, तोवर माझी सही नाही. मिळेल परत किंवा नाही मिळणार. मला वाटलं होतं त्या क्षणी हलकं वाटेल. नाही वाटलं. आईला सांगितलं तर ती सुपातला तंबाखू पाखडत होती, ती थांबली. मला वाटलं रडेल, इतक्या बायांना सांगून बसली होती. ती म्हणाली, "शिक्का गेला तर गेला. कागद काय कुणालाबी देता येतोय. त्या बाईच्या म्होरं जाऊन बस आधी."

म्हणून काल तुमच्या घरी गेले. वैनींनी पाणी दिलं. मी तांब्या तसाच ठेवला आणि सगळं सांगितलं. मधे थांबले नाही, थांबले असते तर राहिलं असतं. वैनींनी तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं हे माणूस घरात एकेक गोष्ट दोनदा बोलायचं. मीठ दे म्हणायचं आन इचारायचं, मी आत्ता काय म्हटलो? मीठच म्हटलो न्हवं? मी म्हणायची, व्हय ओ, मीठच. तरी खरं वाटायचं न्हाय त्यास्नी."

अण्णा, तुमचा शिक्का गेला, तुम्हाला नाव पडलं, हे मी मोजून ठेवलं होतं. हे मला माहीत नव्हतं. तुम्ही मला सांभाळून घेताय, असं मी दोन वर्षं समजत होते. कधीतरी वाटायचं, अण्णांना सगळं कळलंय आणि त्यांनी मोठ्या मनानं पोटात घातलंय. ते मला सोयीचं होतं. तुम्ही काहीच पोटात घातलं नव्हतं. तुम्ही माझं खरं मानलं होतं, आणि स्वतःच्या जिभेवरचा विश्वास घालवून बसला होता.

मी रडायला लागले. वैनींनी मला गप्प केलं नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मला सांगितलंस, बरं केलंस. आता आत चल, अव्वाला सांग. ती म्हणत बसत्या, मी पडले नसते तर पोराची जीभ घसरली नसती. रोज सोताला कोसत्या म्हातारी."

"वैनी, तुम्हीच सांगा. मला कन्नड नीट येत न्हाय."

"तिला आता मराठी कळत न्हाय. वयानं सगळं गेलं, फक्त कन्नड ऱ्हायलं. मी न्हाय सांगायची. तुझं तू सांग."

अव्वा आतल्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी खाली बसले. पाच वर्षं तुमच्याबरोबर काम करून मला जेमतेम पन्नास शब्द येत होते. त्यातले चार जुळवले. "तप्पु अवरदल्ल, अव्वा. नंदु." चूक त्यांची नाही, माझी.

अव्वांनी कानाला हात लावला. "एनंदी?" काय म्हणालीस?

मी परत म्हणाले, मोठ्यानं. बाहेर बसलेल्या माणसांचं बोलणं थांबलं. मग वैनींनी कन्नडात भराभरा काहीतरी सांगितलं, चेंबर, पडदा, द आणि त, माझं नाव. अव्वांनी मला एकच गोष्ट विचारली. म्हणजे तो बरोबर बोलला होता?

"हौदु, अव्वा. सरी हेळिद्रु." व्हय, बरोबर बोलले होते.

अव्वांनी मला शिवी दिली नाही, जवळही घेतलं नाही. त्या दाराकडं वळल्या आणि बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. ते कन्नड मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या म्हणत होत्या, "मग त्याला सांगा की कुणीतरी."

वैनींनी माझ्याकडं बघितलं.

अण्णा, तुम्ही बरोबर बोलला होता.